टोळ, बगळी आणि दुसरी ओळ

१४ सप्टेंबर. सकाळपासून अंबाडीची भाजी निवडते आहे. तीन जुड्या आहेत. पानं खुडायची, देठ बाजूला टाकायचे, यात डोकं लागत नाही. म्हणून मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला आहे आणि त्यात बर्फावरच्या बायका गिरक्या घेत आहेत. हल्लीच्या काही मुली एका उडीत चार चार गिरक्या मारतात. गुण पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या मीटरसारखे सरकत वाढतात, आणि नाच संपेपर्यंत तिचं काय झालं ते तिच्याआधी आपल्याला कळतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी गुणांच्या दोन ओळी असायच्या, वर एक, खाली एक, आणि त्या येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागायचं. मला त्या दोन ओळींबद्दल लिहायचं आहे, कारण त्यांतल्या खालच्या ओळीमुळे आमच्या घरातली एक बाई घराबाहेर पडली आणि मला भाकऱ्या शिकाव्या लागल्या. पहिल्या गोष्टीचा मला आनंद आहे.

हसनाबादला आमचं घर गावाच्या कडेला होतं आणि घराच्या मागच्या दारातून थेट कपाशीत जाता यायचं. दोन एकर कपाशी बियाण्याची होती. जालन्याची एक कंपनी बी द्यायची आणि तयार झालेलं बियाणं परत घेऊन जायची. हे काम बघायला सोपं आणि करायला किचकट. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि आपलं आपणच फळतं. संकरित बियाण्यासाठी त्याला तसं करू द्यायचं नसतं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज दुपारी ओळखायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पिवळे केसर एका गिरकीत सोलून काढायचे, मधली नाजूक काडी तेवढी शाबूत ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाचा तुकडा खोचायचा, म्हणजे सकाळी सापडते. दुसऱ्या दिवशी नऊ ते बाराच्या दरम्यान नराच्या ओळीतली फुलं तोडून आणायची, ती एकेका काडीवर फिरवायची आणि देठाला दोरा बांधायचा. त्या सकाळी लावलं नाही तर कळी गेली. तिला दुसरी सकाळ नसते.

त्या दोन महिन्यांत गावातल्या बाया उजव्या अंगठ्याचं नख वाढवत. भाकरी थापताना ते पिठात उमटायचं, त्यामुळे श्रावणापासून पुढे आमच्या घरच्या भाकऱ्यांच्या कडेला बारीक चंद्रकोरी असत. भाकऱ्या गयाकाकूच करायची. गयाकाकू म्हणजे माझी चुलती. काका सुरतेला कामाला गेले तेव्हा मी दुसरीत होते. आधी त्यांची पत्रं येणं थांबलं, मग आम्ही त्यांच्याबद्दल बोलणं थांबवलं. काकू राहिली. आईला दमा होता, चुलीचा धूर तिला चालत नव्हता, म्हणून स्वयंपाकघर काकूकडे आलं आणि तिथेच राहिलं. तिला विचारलं होतं असं मला आठवत नाही. तिच्या हाताखाली ज्वारीच्या भाकरीचा एक ठरलेला आवाज निघायचा, थप-थप-थप आणि मग थोडी शांतता, तेवढ्यात ती भाकरी फिरवून घ्यायची. मी त्या आवाजावर उठायचे, तोंड धुवायचे आणि सातची बस धरून भोकरदनला कॉलेजला जायचे. अकरावीत होते. बाराला परत यायचे आणि दुपारी प्लॉटवर कळ्या सोलायचे.

बारा ते तीन ही वेळ बायांची. सकाळचं लावणं संपलेलं, दुपारचं सोलणं सुरू व्हायचं असलेलं. बाया आमच्या ओसरीवर भाकरी सोडायच्या. ठेचा, भाजलेले शेंगदाणे, कुणाकडे बेसन, कुणाकडे नुसता कांदा. आणि मग टीव्ही. केबलवाल्यानं खेळांचा चॅनल घेतला होता तो क्रिकेटसाठी. पण त्या वर्षी जिथे क्रिकेट होतं तिथे पाऊस पडत होता, आणि पाऊस आला की चॅनलवाले गेल्या हिवाळ्यातलं बर्फावरचं स्केटिंग लावून मोकळे व्हायचे. पुरुष शिव्या देत उठून जायचे. बाया बसायच्या.

बर्फ आम्ही तोपर्यंत गोळ्याच्या गाडीवर पाहिला होता, पोत्यात गुंडाळलेला. त्याचं अख्खं मैदान असू शकतं हे पटायला दोन दिवस गेले.

“अगं माय! उघड्या मांड्यानं बर्फावर!” चंदा म्हणाली. चंदा म्हणजे आमच्या शेजारच्या घरची सून, प्लॉटवरची सगळ्यात जलद आणि सगळ्यात बोलकी. “हिला सर्दी कशी होईना?”

“मोजे हायेत कातडीच्या रंगाचे,” आई दारातून म्हणाली. ती धूळ टाळायला नेहमी दारात बसायची आणि तिथून सगळं तिला इतरांपेक्षा स्पष्ट दिसायचं. “गुडघ्यापाशी बघा, चुनी पडली.”

सगळ्यांनी पुढे वाकून चुणी पाहिली. लाजेचा प्रश्न तिथे मिटला आणि खेळाकडे लक्ष देता आलं.

त्या हिवाळ्यात दोघींची चुरस होती आणि चॅनलवाले त्याच स्पर्धा फिरवून फिरवून दाखवत. त्यांची नावं आम्हाला उच्चारता येत नव्हती. त्यांनाही आमची आली नसती, तेव्हा फिट्टंफाट. बायांनी त्यांना आपली नावं ठेवली. एक बुटकी, घट्ट बांध्याची, उडीवर उडी मारणारी, ती टोळ. दुसरी उंच, लांब मानेची, बर्फावरून पाणी ओतल्यासारखी जाणारी, ती बगळी. ओसरीचे दोन भाग पडले. चंदा आणि तरण्या बाया टोळाच्या. काकू आणि वयस्क बाया बगळीच्या. आई म्हणायची मी कुणाचीच न्हाई, पण बगळी पडली की तिला खोकला यायचा.

समालोचन इंग्रजीतून चालायचं. मला त्यातलं चार आणे कळायचं, उरलेले बारा आणे मी पदरचे घालायचे. गुणांच्या दोन ओळींचा अर्थ मीच सांगितला. वरची ओळ करामतीची: किती उड्या, किती गिरक्या, उतरताना एका पायावर नीट उतरली का. खालची ओळ देखणेपणाची: चाल, हात, गाण्याशी मेळ. दोन्ही सहापैकी. प्रत्येक पंच आपले वेगळे गुण देणार आणि आपल्यापुरती दोन्हींची बेरीज करणार.

“देखनेपनाला सहा काहून?” चंदा म्हणाली. “देखनी तर जन्मतःच असती मानूस. तिनं त्यात काय केलं?”

“तोंडाचं न्हाई म्हनून राह्यली सुमी,” काकू म्हणाली. “करन्याचं म्हनती. टोळ उडी मारायच्या आधी काय करती बघ. हात थांबिवती, मान थांबिवती, नुसती उलटी सरकत राहती. आता उडी येनार म्हनून मला इकडं हसनाबादेत कळतं. बगळीची उडी आल्यावरच कळती.”

“तीन गिरक्या तीनच असत्यात ना काकू. सांगून मारल्या काय अन् न सांगता मारल्या काय.”

“सांगून मारलं की निम्मं ध्यान सांगन्यात जातं.”

“तुमची बगळी परवा पडली की पन.”

“पडली. उठली कशी ते बघितलं का? पडनं बी गान्यातच बसलं.”

“पडली ती पडली! मी भरला हंडा घेऊन पडले तं सासू म्हनंल का, वा, गान्यात पडली?”

असं तीन वाजेपर्यंत. मी टोळाची होते. जे मोजता येतं ते खरं, असं माझं त्या वयात मत होतं. पुढे ते थोडं सैल झालं, फार नाही. टोळाच्या उड्या मोजता येत होत्या. बगळीचं काय मोजणार? तिच्या पायाचा आवाज येत नव्हता हे काकूचं म्हणणं मी टीव्हीच्या आवाजाचं बटण फिरवून तपासलं होतं. खरं होतं. टोळ उतरली की खर्रकन बर्फ खरवडल्याचा आवाज यायचा, बगळी उतरली की काहीच नाही. पण याचे गुण कोणत्या ओळीत धरायचे हे मला ठरवता येईना, म्हणून मी तो मुद्दा सोडून दिला. आज वाटतं तो दोन्ही ओळींत धरायला हवा होता. इतक्या उंचीवरून आवाज न करता उतरणं यात गुडघ्याची जी करामत आहे, ती टोळाला कधी साधली नाही. ज्याला आपण देखणं म्हणतो त्यात पुष्कळदा अशी मेहनत असते जी दिसू नये म्हणूनच घेतलेली असते. पण हे मला अकरावीत कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

प्रत्येकीचे दोन नाच असायचे, आधी छोटा, मग मोठा. एका दुपारी मोठ्या नाचात भलताच घोळ झाला. एका पंचाची बेरीज दोघींना अगदी सारखी आली आणि तरी त्यानं बगळीला वर ठेवलं. ओसरीवर गलका झाला. समालोचक काय म्हणाला ते मी कान देऊन ऐकलं आणि सांगितलं: मोठ्या नाचात बेरीज सारखी आली तर खालची ओळ बघतात, तिच्यात जिचे जास्त ती वर. चंदा म्हणाली ही कोनती रीत, हे तर बिलकुल चूक हाय. काकू शेंगा फोडत राहिली.

दोन ओळींचा मला नाद लागला. मी एका जुन्या वहीत प्लॉटवरच्या बायांना गुण द्यायला लागले. वरच्या ओळीत किती कळ्या सोलल्या, खालच्या ओळीत किती साफ सोलल्या. पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक सहा. बाया तीन वाजता सोलायला लागायच्या आणि संध्याकाळी घरी जाताना गुण विचारायच्या. “पंचीनबाई, आज किती?” ज्यांना पाचाच्या खाली मिळत त्या दुसऱ्या दिवशी मला ओला कांदा द्यायच्या नाहीत. मी गुण वाढवले नाहीत. नियम टीव्हीतलेच राहतील असं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. पुढे जे झालं त्यात हे पान आड आलं.

कंपनीचे साहेब आठवड्यातून एकदा मोटरसायकलवर यायचे, प्लॉट फिरायचे आणि ओसरीवर चहा घ्यायचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते म्हणाले की यंदा कंपनीनं वाटूरकडं नवे प्लॉट घेतलेत, पण तिथल्या बायांचा हात बसलेला नाही, निम्म्या कळ्या मोडून राह्यल्या.

“तुमच्याकडची एक बाई द्या शिकवायला,” ते अण्णांना म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. “हंगाम संपेस्तोवर. राहायची सोय करतो, रोज बराबर देतो. जमलं तर दरवर्षी बोलावू.”

“बाया तशा दोनच,” अण्णा म्हणाले. “चंदा, न्हाईतर आमची गया. पन गयाला घर हाय.”

तेव्हा दाराआडून काकूचा आवाज आला. इतक्या वर्षांत अण्णांसमोर ती आपणहून बोललेली मी ऐकली नव्हती.

“भाऊजी, मला जायचंय.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “घरचं कोन बघंल?”

यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं नाही पाहिलं, ती उंबऱ्याकडे बघत होती.

“हंगामापुरतं कॉलेज राहू दे,” अण्णा म्हणाले. “अकरावी काय पळून चालली का?”

मला त्या क्षणी माझं सगळं पुढचं दिसलं: चूल, काटवट, धूर, आणि सात वाजता दारावरून जाणारी बस. मुली हंगामापुरत्या घरी राहतात आणि मग राहतातच, हे मला माहीत होतं. माझ्या वर्गातल्या चार जणी तशाच राहिल्या होत्या. साहेबांना यातलं काही दिसलं नाही. ते म्हणाले, “भांडू नका. उद्या मी जालन्याहून येतो, दोघींना एकेक ओळ द्या, बघू कोण सरस. ही पोरगी गुण देती म्हणे.”

“टीव्हीवानी,” चंदा म्हणाली. चंदालाही जायचं होतं. तिला सासूपासून महिनाभर सुटका हवी होती आणि ते ती सासूसमोरच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोघी शेजारशेजारच्या ओळींत उभ्या राहिल्या. साहेब बांधावर बाभळीखाली बसले, हातात घड्याळ. वेळ दीड तास. चंदा ओळीत शिरली की झाडं हलायची. कळी धरली, सोलली, कागद खोचला, पुढं, मधूनच मला ओरडून विचारायची किती झाल्या. तिचा झपाटा बघण्यासारखा होता. साहेब बांधावरून उठून उभे राहिले. काकूच्या ओळीत काही घडत असल्याचं दिसायचंच नाही. ती चालत गेल्यासारखी जायची आणि लाल कागद तिच्यामागे उगवल्यासारखे राहायचे. मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की एक कळी सोलता सोलता तिचे डोळे पुढची निवडून ठेवत होते, आणि हात एकीवरून दुसरीवर जाताना मधे कुठेच थांबत नव्हता. मला बगळी आठवली. मला ती आठवायला नको होती.

साडेपाचला मी मोजलं. एकेक कागद वर करून, एकेक कळी तपासून. चंदाच्या दोनशे एकसष्ट, त्यांतल्या चौदा बाद. कुठे काडीला नख लागलेलं, कुठे पिवळं राहिलेलं. काकूच्या दोनशे आठ, बाद एकही नाही. वरच्या ओळीत चंदाला पाच पूर्णांक आठ, काकूला पाच पूर्णांक चार. खालच्या ओळीत चंदाला पाच पूर्णांक पाच, काकूला पाच पूर्णांक नऊ. सहा मी कुणालाच देत नव्हते. हे गुण खरे होते, आजही शपथेवर सांगते. गडबड मी गुणांत केली नाही.

ओसरीवर सगळ्या बाया जमल्या होत्या. मी वहीतून वाचलं.

“सहापैकी काहून?” साहेब म्हणाले.

“टीव्हीत सहापैकीच असतात.”

“बरं. बेरीज?”

“चंदा अकरा पूर्णांक तीन. काकू अकरा पूर्णांक तीन.”

“मंग?”

“सारखी आली तर वरची ओळ बघतात,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, चांगला ठणठणीत. “वरच्या ओळीत चंदाचे जास्त आहेत.”

ज्या बायांना नियम आठवत नव्हता त्या माझ्यावर विसंबून होत्या. चंदाला आठवत होता. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारायला घेतली आणि ती गाठ फार वेळ चालली. साहेबांनी खिशातून पेन काढलं. अण्णा आतल्या दिशेला बघून म्हणाले, “चहा होऊ द्या,” आणि त्यांच्या आवाजात मोकळेपणा होता.

मी कपबशा घ्यायला आत गेले. काकू चहा गाळत होती. गाळण्यात चहापत्ती चमच्यानं दाबून तिनं शेवटचा थेंबही खाली घेतला, तशी ती रोजच घ्यायची. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुमे, त्या दिवशी बगळी वर गेल्ती, ती कोन्त्या ओळीवर ग?”

मी बशा पुसायला घेतल्या.

“खालच्या. तूच सांगितल्तं. मला वाचता येत न्हाई, ध्यानात ठेवता येतं.” तिनं एक कप सरळ केला. “तुला भाकऱ्यांचं भ्या वाटलं. बराबर हाय. भ्या वाटायसारखंच काम हाय ते, मी केलंय. पन मंग तसं सांगायचं. काकू, मला शिकायचंय, तू जाऊ नको, असं म्हनायचं. मी ऐकलं असतं का न्हाई ते मला बी ठाऊक न्हाई. पन हे काहून केलं?”

तिनं कप ट्रेमधे मांडले आणि ट्रे माझ्याकडे सरकवला.

“घे. चहा निवून जाईल.”

स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत अकरा पावलं होती. ट्रेमधे पाच कप होते, एवढं मला आठवतं. मी काय विचार केला ते आठवत नाही. बहुधा केलाच नसावा. साहेबांपुढे ट्रे धरून मी म्हणाले, “मी नियम चुकीचा सांगितला. बेरीज सारखी आली तर खालची ओळ बघतात. काकू जिंकल्या.”

साहेबांचा हात कपापर्यंत येऊन थांबला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, ऐन पाणी देताना बंद पडलेल्या मोटारीकडे पाहावं तसं.

“आता गं बया!” चंदा उसळली. “टीव्हीतल्या बायांचा नियम हसनाबादेत काहून? ती काय कपाशी सोलती का तिकडं?”

“पयल्या दिसापासून तोच ठरला व्हता,” आई दारातून म्हणाली. “वहीत लिव्हलंय. काढू का वही?” आणि तिला खोकला आला. तो बराच वेळ चालला, आणि तो थांबेपर्यंत कुणाला काही बोलता आलं नाही. चूल उद्या कुणाकडे जाणार हे तिच्याइतकं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

“नियम हाय ना? मंग झालं,” साहेब म्हणाले. त्यांनी कागदावरचं नाव खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. “उद्या सकाळी सहाला कंपनीची जीप वाटूरला चालली. तयार राहा बाई.”

चंदा उठून गेली. ती माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. चंदा पंधरा दिवस गप्प होती हे गावात आजही कुणाला खरं वाटत नाही.

काकू त्या हंगामाला गेली आणि पुढच्या प्रत्येक हंगामाला. नंतर तिनं वाटूरलाच खोली केली, चौफुलीच्या मागे, आणि सणाला पाहुण्यासारखी आमच्याकडे यायला लागली. पाहुण्यासारखी म्हणजे बसून जेवायची. माझी अकरावी दसऱ्यापर्यंत बुडाली, मग मी परत गेले. वर्ग पुढे गेला होता, मी मागून धावले आणि जेमतेम पास झाले. त्या चार जणींसारखी मी राहिले नाही, याचं कारण आई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती तोंडाला ओला पदर बांधून चुलीपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, बस चुकंल. आता मी नवीन जालन्यात एका प्रयोगशाळेत बियाण्याचे कोंब मोजते. मोजता येतं ते खरं, या मताचं पोट भरतं आहे. काकूची नजर अधू झाली आहे, तरी आता तिच्याजवळ राहणारी भाचसून तिला मोबाईलवर स्केटिंग लावून देते आणि मग मला फोन येतो. परवाच म्हणाली, “आता चार चार गिरक्या मारून राह्यल्या पोरी. पन हात कुठं हायेत? हात घरीच इसरल्यात.” मी म्हणाले, काकू, आता ओळी राहिल्या नाहीत, उडीगणिक वेगळे गुण असतात, देखणेपणाचेसुद्धा तुकडे करून मोजतात. ती म्हणाली, “मोजनारी कोन हाय त्यावर हाय ते,” आणि फोन ठेवला.

त्या दिवशी सकाळी जीप सहाच्या आधीच आली. काकूकडे एक पिशवी होती. तिनं आईच्या हाताला हात लावला, अण्णांना लांबून नमस्कार केला आणि जीपमधे चढल्यावर मला म्हणाली, “पीठ डब्यात हाय. कळ्या दोनशे आठ हायेत.” जीप गेली. मी चूल पेटवली. पहिल्या भाकरीचे काटवटीतच दोन भाग झाले, दुसरी तव्याला धरून बसली, तिसरी भाकरीच होती पण गोल नव्हती. अण्णांनी ती दुधात कुस्करून खाल्ली, त्यामुळे आकाराचा प्रश्न राहिला नाही. सातची बस दारावरून गेली. नऊ वाजता मी नराची फुलं तोडली, ओढणीत घेतली आणि काकूच्या ओळीत गेले. एकेक कागद काढला, काडीवर फूल फिरवलं, दोरा बांधला. एकीलाही नख लागलेलं नव्हतं. शेवटाला पोचले तेव्हा मोजणी दोनशे सात झाली होती. मी ओळीच्या तोंडाशी परत गेले आणि वाकून शोधत आले. दोनशे आठवी एका झाडाच्या बुडाशी, पानाखाली होती. तिलाही लावलं. साडेदहा झाले होते. शेजारच्या ओळीत चंदाचे लाल कागद तसेच उभे होते. ती रुसून आलीच नव्हती. चौदा मी आदल्या दिवशीच बाद केल्या होत्या, म्हणजे दोनशे सत्तेचाळीस. ओढणी कमरेला बांधली, आणखी फुलं तोडून आणली आणि तिच्या ओळीत शिरले.